यवतेश्वर घाटात काटा चढला

आमची मारुती ८०० १९९९ची, कार्ब्युरेटरवाली. मिरजेची आत्या आली होती, तिला कास दाखवायचं म्हणून मेमधल्या एका रविवारी साताऱ्यातल्या समर्थ मंदिराकडून घाटाला लागलो. गाडीत चौघं, एसी चालू, पुढे रखडलेली मिनीबस. सगळा चढ दुसऱ्या गिअरवर. अर्ध्या घाटात बघतो तर इंजिनाच्या तापमानाचा काटा पार वरच्या रेघेला टेकलेला.

एसी बंद केला आणि हीटर फुल्ल सोडला. मे महिन्यात! पण हीटरला इंजिनातलंच गरम पाणी जातं, तेवढीच उष्णता बाहेर पडते. "अरे, आम्हाला भाजून काढतोस का?" आत्या ओरडली. पुढच्या वळणावर रुंद जागा दिसली, तिथे गाडी घेऊन चाकाला दगड लावला.

बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीतून पाणी उतू जात होतं. मोटारसायकलवाले एक काका थांबले. "रेडिएटरचं झाकण काढा, गार पाणी ओता, पाच मिनिटांत निघाल." काकांना प्यायला पाणी दिलं, झाकणाला हात लावला नाही. आत पाणी दाबाखाली असतं. झाकण सुटलं की उकळतं पाणी थेट तोंडावर. शिवाय तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, एकदम गार पाणी लागलं तर हेड वाकायची भीती. पाऊण तास नुसतं बसलो. मग रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, दाबून पाहिला, मऊ लागला, म्हणजे आतला दाब उतरलेला. जाड फडकं टाकून झाकण अर्धवट फिरवलं, फुस्स थांबल्यावर काढलं. दीड बाटली पाणी मावलं. कास राहू दे म्हटलं आणि गाडी उलटी फिरवली.

पहिल्या फिटरने गाडी चालूसुद्धा न करता हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालची सील करणारी पट्टी, गेल्याचं सांगितलं. पण पाणी इंजिनात शिरल्याची खूण नव्हती: डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. मन घेईना. दुसऱ्याने गाडी जागेवर चालू ठेवली. काटा वर गेला तरी पंखा गप्प. पाणी तापलं की पंखा चालू करणारा स्विच बाजूला ठेवून त्याने पंख्याला बॅटरीवरून थेट वायर दिली, तसा घुर्रकन फिरला. म्हणजे मेला होता तो फॅनचा स्विच. हायवेला कराडपर्यंत जाऊन आलो तेव्हा काहीच कळलं नव्हतं, कारण तिथे वारंच रेडिएटर गार करतं. घाटात वीसच्या स्पीडला वारं कुठलं?

रेडिएटरमधून तांबूस गाळ निघाला. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतल्याचं फळ. आता कूलंट भरलंय.

एकाच गोष्टीवर या दुसऱ्या फिटरशी जमलं नाही. "थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकू, आपल्याकडे लागत नाही," असं त्याचं म्हणणं. हा वॉल म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. तो नसला की इंजिन लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. म्हणून वॉल घरी आणला, दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला. पाणी उकळायच्या आधीच मधली चकती हळूच उचलली गेली. चांगला होता, परत बसवला.

पातेलं मात्र आईने पुन्हा चहाला घेतलं नाही. ते आता डिकीत असतं, पाण्याच्या कॅनशेजारी.