एनामलच्या ताटाची कड आणि न थांबणारा आकडा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक जुनं पांढरं एनामलचं ताट आणलं. निळी किनार, कडेला तीन ठिकाणी टवके उडालेले. आईने विचारलं, "ह्यात जेवणार कोण?" म्हटलं, "कोणी नाही, फोडायला आणलंय." त्यावर ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून घरातली चांगली ताटं वरच्या फळीवर गेली आहेत.

टवका भिंगाखाली बघण्यासारखा आहे. वर दुधी पांढरा थर, त्याखाली केसाएवढी निळसर काळी रेघ, मग गंज. ती काळी रेघ म्हणजे पहिला हात. त्यात कोबाल्ट असतो आणि पत्र्याला धरून ठेवायचं काम तोच करतो. कुंडईला लेथवर काम करणाऱ्या मित्राचा मायक्रोमीटर आणून मोजलं: ताट १ मिमी, टवक्याच्या जागी नुसता पत्रा ०.६. म्हणजे दोन्ही बाजूंना ०.२ मिमी एनामल.

आता हिशेब, टवके कडेलाच का उडतात ते कॉम्प्युटरवर शोधायचा. स्टील दर अंशाला दहा लाखांत १२ भाग आकसतं. एनामलची काच रेसिपीप्रमाणे बदलते, मी ९.५ धरलं. भट्टीत ८०० अंशांच्या आसपास ती वितळलेली असते, तेव्हा स्ट्रेस (आतला ताण किंवा दाब) नाही. थंड होताना साधारण ५०० ला घट्ट होते असं धरलं, आणि तिथून ३० अंशांपर्यंत दोघं एकमेकांना ओढतात. स्टील जास्त आकसतं, काच दबते. हे मुद्दामच तसं ठेवतात, कारण काच दाब सोसते, ताण नाही.

पहिल्या रात्री एका बाजूलाच थर दिला. कॅल्क्युलिक्स (वस्तूचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट, करून स्ट्रेस काढणारं सॉफ्टवेअर), अक्षसममित मॉडेल (मध्यापासून कडेपर्यंतचा एकच काप, गोल फिरवला असं धरून), २४० मिमी व्यासाची सपाट चकती. उत्तर आलं: मध्यभाग ७ मिमी वर! भाजलेल्या पापडासारखी चकती. आधी वाटलं युनिट चुकली. मग कागदावर टिमोशेन्कोचं १९२५ चं द्विधातूचं सूत्र (दोन धातू चिकटवलेली पट्टी तापमानाने किती वाकते ते सांगणारं) लावलं, तर तेही ७ म्हणतंय. स्टोनीचं १९०९ चं सूत्र मात्र ८.९ देतं. त्यात दोष स्टोनीचा नाही. त्याचं सूत्र पत्र्याच्या मानाने अगदी पातळ थरासाठी आहे, आणि इथे थर पत्र्याच्या एक तृतीयांश जाड. (एनएलजीऑम, म्हणजे मोठं वाकणं हिशेबात धरणारं सेटिंग, बंद होतं. जाडीच्या नऊ पट वाकलेल्या चकतीला रेषीय हिशेब लागू पडत नाही, त्यामुळे ते ७ सूत्राशी ताडून बघण्यापुरतंच.)

सकाळी चहा पिताना ताट उलटं केलं आणि कपाळावर हात मारला. खालूनही एनामल आहे, मी स्वतःच मोजलेलं! दोन्हीकडून सारखी ओढ असली की पत्रा वाकत नाही, कारागिरांना हे माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. दुसरा थर घातला, वाक शून्य. कागदावर एनामलमध्ये ८७ मेगापास्कल दाब, पत्र्यात ५८ ताण. मॉडेलमध्ये, कडेपासून दूर, तेच आकडे. नव्याने सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन की हा दोन ओळींचा हिशेब आधी करा, मगच मेश (एलिमेंटची जाळी) काढा.

मेशबद्दल थोडं. ०.०५ मिमीचे चौकोनी एलिमेंट सगळीकडे ठेवले तर ४८,००० होतात, आणि माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपला ते नको. सपाट भागात स्ट्रेस बदलतच नाही, म्हणून तिथे २ मिमी लांब, ०.०५ जाड असे लांबट चालले. बारीक जाळी फक्त कडेला. एलिमेंट आठ नोडचे (नोड म्हणजे एलिमेंटचे जोडबिंदू), कॅल्क्युलिक्समध्ये त्याचं नाव सीएएक्स८आर. चार नोडच्या एलिमेंटने वाकण्याच्या मॉडेलमध्ये मला नको इतका ताठपणा दाखवला होता.

आणि मग तीन रात्री वाया गेल्या.

टवक्याच्या जागी, जिथे थर अचानक संपतो, तिथला शिअर स्ट्रेस (थराला पत्र्यावरून घसरवू पाहणारा) मला हवा होता. कडेचा एलिमेंट ०.०४ चा, तर ३१ मेगापास्कल. ०.०२ ला ४१, ०.०१ ला ५४. म्हटलं आता स्थिरावेल, म्हणून ०.००५ केला आणि वीज गेली. डिचोलीत जूनमध्ये हे व्हायचंच. दुसऱ्या दिवशी तेच रन पुन्हा: ७१. दर वेळी एक तृतीयांशाने वाढ, आणि थांबायचं नाव नाही.

हा आकडा थांबणार नाही, कारण तो खरा नाहीच. दोन वेगळ्या ताठपणाचे पदार्थ जिथे कोपऱ्यात भेटतात, तिथे लवचीक सिद्धांत अनंताकडे जातो, आणि मी जेवढी बारीक जाळी करेन तेवढा त्या अनंताच्या जवळ जाईन. "मॅक्सिमम स्ट्रेस" म्हणून तो लाल ठिपका दाखवणारी चित्रं आता बघवत नाहीत. कडेपासून एक थरभर आत, ०.२ मिमीवर, आकडा चारही मेशांत जवळपास तोच आहे.

त्याहून कामाचं म्हणजे ऊर्जा. थर सुटताना चौरस मीटरमागे किती ऊर्जा मोकळी होते, ते इथे साधारण १० ज्यूल येतं. ती स्ट्रेसच्या वर्गाने वाढते आणि जाडीच्या सरळ प्रमाणात. दोन हात जास्त दिले की ताट मजबूत, हा समज त्यामुळे उलटा पडतो.

टवके कडेलाच का, हे मात्र फार सोपं निघालं. दबलेला थर बाहेरून गोल वळला की तो पत्र्यापासून उचलला जातो: दाब गुणिले जाडी, भागिले वळणाची त्रिज्या. माझ्या ताटाची कड गुंडाळलेली, त्रिज्या १.५ मिमी, म्हणून १२ मेगापास्कल. मॉडेल १३ म्हणतं. नुसत्या कापलेल्या कडेची, ०.३ त्रिज्येची, कल्पना केली तर ५८! कडेची गुंडाळी मला आजवर शोभेची वाटत होती.

पुढचं काम म्हणजे तापलेल्या ताटावर पाण्याचा शिंतोडा. काचेतून उष्णता ०.२ मिमी जायला सेकंदाचा बारावा भाग लागतो, म्हणजे टाइम स्टेप मिलिसेकंदांत हवी, आणि पाण्याची उष्णता नेण्याची ताकद किती धरायची यावर सगळं अवलंबून. दर चौरस मीटर, दर अंशाला ५,००० वॅट धरून सुरू केलंय. रन चालू आहे, बाहेर ढग गडगडतायत, आणि चार्जर लावलाय की नाही ते बघायला उठतोय.