देठांची वही: आंबट कधी घालायचं?

श्रावण लागला तसा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबड्या भाजीच्या, म्हणजे लाल माठाच्या, लांबलचक जुड्या दिसायला लागल्या. पानांचं काय, कांदा-मिरचीवर परतून वर ओलं खोबरं घातलं की काम झालं. माझा जीव अडकलाय तो खालच्या देठांत. घेतानाच एक मोडून बघते. कट्‌कन तुटला तर कोवळा, नुसते तुकडे करायचे. तुटूनही दोन्ही बाजूंना दोरा लोंबत राहिला तर जून. तो टोकाशी सुरीने पकडून खाली ओढायचा, साल पट्टीसारखी सुटते आणि आत ओलसर फिकट गुलाबी गर उरतो. विकणारी बाय जून देठ वेगळे काढून स्वस्तात देते, कारण सोलायचा कंटाळा सगळ्यांनाच. मला तेच हवे असतात, गर त्यांच्यातच जास्त.

या खेपेला तपासायचं होतं ते सोलं, म्हणजे आमसुलं, कधी घालायची ते. एकाच जुडीचे बोटभर तुकडे दोन भांड्यांत विभागले. एकात सोलं पहिल्या उकळीलाच टाकली, दुसऱ्यात देठ बोटाने दाबले जाईपर्यंत फक्त पाणी आणि हळद. दुसरं भांडं तयार झालं तेव्हा पहिल्यातले तुकडे चावताना अजून कचकचत होते. आणखी बराच वेळ चुलीवर ठेवूनही त्यांना दुसऱ्यांचा मऊपणा आला नाही. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर सुटत नाही, म्हणून असं होतं. गूळही मागाहूनच. तुरीच्या डाळीला हा नियम आपण सगळ्या पाळतो, देठांना मात्र सवलत देतो.

रंगाचं वेगळं. तांबड्या भाजीचा रंग बिटाच्या रंगाच्याच जातीचा, पाण्यात उतरतो आणि फार उकळलं की फिकटतो. त्यामुळे पाणी मोजकं, झाकण घट्ट, आणि उरलेलं लाल पाणी आमटीतच. ते ओतून देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण माझ्या घरी चालणार नाही.

अळूचं गणित नेमकं उलट. त्याच्या देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला टोचतात ते तेच. तिथे सोलं, चिंच किंवा आंबाडे पहिल्यापासून. देठ मुळातच पोकळ आणि स्पंजासारखा, त्यामुळे आंबटातही तो विरघळायचं सोडत नाही. रानातल्या तेऱ्याला, म्हणजे जंगली अळूला, तर आंबाड्यांशिवाय मी हातच लावत नाही. चिरण्याआधी तळहातांना खोबरेल, देठाची वरची साल काढलेली, आणि शिजवताना घाई नाही. सोबत उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. उरलेले देठ नीट शिजवून, पिळून, दह्यात कालवले की देठी. वर हिंग-मिरचीची फोडणी. भातापेक्षा मला ती नुसतीच आवडते.

आता राहिलं खतखतं, म्हणजे आपली बऱ्याच भाज्यांची मिसळ. चतुर्थीला ते होणारच, आणि त्यात तांबड्या भाजीचे जाड देठ हवेतच. सुरण, मका, मुळा, कणगीचे कंद सगळं एकदम ढकललं तर देठ मागे राहतात. म्हणून सध्याचा क्रम असा: जून देठ आणि सुरण आधी, मग बाकीचे कंद, ते मऊ झाल्यावर शिजलेली डाळ आणि वाटप, त्यानंतर सोलं आणि गूळ. तिरफळं अगदी शेवटी, बिया काढून, जरा ठेचून. वाटली की कडवटपणा येतो. सुरण खाजरा निघाला तर मात्र त्याला वेगळ्या भांड्यात आंबटाबरोबर उकडून घ्यायचं, देठांना त्याच्यापायी शिक्षा नको.

सोमवार संपले की सुकी सुंगटं (कोळंबी) घालून देठ करणार. सुंगटांची डोकी-शेपट्या काढून ती आधी कोरडी भाजायची, नाहीतर रश्श्याला उग्र वास राहतो. तिथेही सोलं शेवटीच.

मायाळूच्या देठांवर अजून काही ठरत नाहीये. शिजल्यावर बुळबुळतात. मुगागाठींच्या, म्हणजे मोड आलेल्या मुगांच्या, तोंडाकात (रश्श्यात) घातले तर तो बुळबुळीतपणा खोबऱ्याच्या रसात दडतो असं वाटतंय, पण परतून आणि न परतता असं दोन्ही करून बघायचंय. कुणी बिंबलं (आंबट बिलिंबी) घालून केले असतील तर ती कधी घातली तेवढं नक्की सांगा.