पाणी साठवावं लागतं आणि घरात लहान पोरं पण आहेत, आम्ही काय काय केलं (माझा अनुभव)

सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरगावचं कोणी वाचत असेल तर सांगते, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात कधी त्याहून लांबतं. त्यामुळे उजनी धरणाचं ते पाणी आलं की घरात जे भांडं रिकामं दिसेल ते भरून ठेवायचं ही आमच्या हाताला लागलेली सवयच आहे. अंगणात जमिनीतला हौद, मोरीत बॅरल, जिन्याखाली पिंप, बाथरूममध्ये बादल्या आणि टब, आणि याच घरात माझी दीड वर्षाची लेक आणि जाऊबाईंचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर फिरत असतात.

लेकीच्या बूस्टर डोसला गेलो होतो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात पाणी कशात साठवता? मला वाटलं पाणी उकळून देता का असं काहीतरी विचारायचंय. त्यांनी सांगितलं की एवढ्या लहान मुलाला बुडायला दोन-तीन इंच पाणी पण पुरतं. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं, बादलीत वाकून बघताना तोल गेला की डोकंच आधी आत जातं आणि हातात स्वतःला परत वर ढकलायची ताकद नसते. ओरडणं, हातपाय आपटणं असलं काही ऐकू येत नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सुद्धा कळत नाही. ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

घरी आल्यावर मी गुडघ्यावर बसून लेकीच्या उंचीवरून अख्खं घर बघत फिरले, आणि हे प्रत्येकाने एकदा करावं असं मला मनापासून वाटतं. उभं राहून जी बादली कोपऱ्यात आहे असं दिसतं ती खालून बघितली तर बरोब्बर तिच्या छातीला लागते. बॅरल उंच आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण त्याच्या शेजारीच कपडे धुवायचा दगड, त्यावर पालथं घमेलं, म्हणजे चार वर्षांच्या पोराला पायरीच झाली की.

बादल्यांचं सगळ्यात अवघड गेलं. रात्री रिकाम्या करून पालथ्या घालायच्या म्हणलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं पाणी ओतून द्यालीस व्हय? नळ कधी येणार ते ठाऊक आहे का तुला?" आणि त्यांचं बरोबरच होतं, भाजी धुतलेलं पाणी सुद्धा ज्या बाईने आयुष्यभर फेकलं नाही तिला पाणी ओत म्हणणं मला पण जड गेलं. मग दिराने फिरकीच्या बुचाचे, अरुंद तोंडाचे वीस लिटरचे कॅन आणले. भाज्यांचं, कपड्यांचं शेवटचं पाणी गाळणीतून त्यात भरायचं आणि संडासला, फरशीला तेच वापरायचं. पाणी पण राहिलं आणि बादली पण रिकामी झाली. सासूबाईंना हे इतकं पटलं की आता कॅन भरायचं काम त्या दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. बाथरूमच्या दाराला बाहेरून, अगदी वरच्या बाजूला कडी बसवून घेतली.

बॅरलचं तोंड उघडं ठेवण्याचं कारण एकच, तांब्याने पाणी घ्यावं लागतं. प्लंबरला बोलावून बॅरलला खाली तोटी बसवली, बॅरल विटांच्या ओट्यावर चढवलं म्हणजे खाली बादली मावते, आणि वर लोखंडी रिंगचं झाकण आवळून टाकलं, ते आता फक्त भरताना उघडतं. एक जास्तीचा फायदा म्हणजे डास. डेंग्यूचा डास असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण सात-दहा दिवसांत त्याचा उडणारा डास होतो. दर उन्हाळ्यात संध्याकाळी मोरीत उभं राहवत नव्हतं ते बरंच कमी झालं.

आता हौद. हौदावर पत्रा होता आणि पत्र्यावर दगड, आमच्या गल्लीत बऱ्याच घरी असंच आहे. पत्रा कडेने गंजलेला आणि पोरं त्यावर उड्या मारून आवाज काढतात. अक्कलकोट रोडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याला माप घ्यायला बोलावलं. तो म्हणाला एक अखंड चेकर प्लेट (नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) टाकून देतो, हत्ती चढला तरी काही होणार नाही. पण जाऊबाईंनी त्याला विचारलं, "दादा, हे पाण्याच्या दिवशी उचलायचं कोणी? आम्हीच ना?" तीन फुटी चौकोनी प्लेट वीस किलोच्या वर जाते, एकदा उघडली की परत कोण लावतंय, दिवसभर उघडीच राहणार. म्हणून दोन पल्ल्यांचं झाकण केलं, प्रत्येक पल्ल्याला बिजागरी, आणि उघडल्यावर आपोआप पडून कोणाची बोटं चेंगरू नयेत म्हणून अडकवायला सळई.

आणि झाकणाच्या खाली जाळी. ही माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. झाकण हे कधी ना कधी उघडंच असतं, नळाचा पाईप आत सोडलेला असतो, मोटरचा फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाईपच्या टोकाची झडप) बघायचा असतो, आणि घात व्हायचा तर तेव्हाच होतो. हौदाच्या तोंडात वितभर खाली सळयांची जाळी काँक्रीटमध्ये बसवली, दोन सळयांमध्ये चार इंचापेक्षा कमी जागा म्हणजे लहान मुलाचं डोकं पण जात नाही, एका कोपऱ्यात पाईपपुरतं भोक, आणि आतून हौद धुवायला उतरता यावं म्हणून अर्धा भाग नटबोल्टचा. पाना असल्याशिवाय तो उघडत नाही. खर्च झाला, पण कुलरला जेवढे पैसे घातले तेवढे पण लागले नाहीत.

पाण्याचा दिवस हा मात्र झाकणाने सुटणारा प्रश्न नाही. "पाणी आलं गं" अशी हाक आली की सगळं घर पळतं, कोणी पाईप लावतंय, कोणी मोटर, कोणी चादरी भिजवतंय, आणि घरात सात माणसं असून पोरांकडे कोणीच नसतं कारण प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. आम्ही ठरवलं की त्या दिवशी एका माणसाने पाण्याला हातच लावायचा नाही. आमच्याकडे हे काम मामंजींचं. ते पोरांना घेऊन पुढच्या खोलीत बसतात, मोबाईल नाही, टीव्ही नाही. उठायचं झालं तर "पोरं आता तुझ्याकडं" असं तोंडाने म्हणायचं आणि समोरच्याने "हो, माझ्याकडं" म्हणल्याशिवाय हलायचं नाही. मोटर आणि कुलरसाठी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवला, ओल्या फरशीवर पोरं फिरतात तिथे तो पाहिजेच.

हे सगळं वाचून वाटेल पोरांना पाण्यापासून तोडलंच. तसं नाही. ४२-४३ डिग्रीत पोराला पाण्यात खेळू नको म्हणणं हा छळ आहे. ऊन उतरलं की संध्याकाळी टबात थोडं पाणी घेऊन दोघं खेळतात, मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं असतं, आणि खेळ संपला की टब लगेच कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या बुडात.

त्याच डॉक्टरांनी पुढे आम्हा दोघी जावांना बाहुलीवर सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा प्रयत्न) करून दाखवला आणि आमच्याकडून करवून घेतला. बुडालेल्या मुलाला उलटं धरून झटकायचं नाही, पोट दाबून पाणी काढायच्या नादात वेळ घालवायचा नाही. मूल हाक मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे कारण त्याला हवाच मिळालेली नसते, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. आणि मूल शुद्धीवर येऊन हसायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, त्रास काही तासांनी पण सुरू होऊ शकतो. बाहुलीची छाती किती जोरात दाबावी लागते ते हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही, मी तर पहिल्यांदा नुसतं थोपटत होते.

मे मध्ये माहेरी जायचं होतं, सांगोल्याकडे. तिथे दादाच्या डाळिंबाच्या बागेला शेततळं आहे. २०१६ ला सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हापासून आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे तळी झालीत, बागा त्यावरच टिकून आहेत. पण आतला प्लास्टिकचा कागद शेवाळाने असा निसरडा होतो की पट्टीचा पोहणारा सुद्धा कड चढून वर येऊ शकत नाही, पोराचं तर सोडाच. बऱ्याच विहिरींना निदान पायऱ्या असतात. मी दादाला म्हणलं, कुंपण घातल्याशिवाय मी पोरांना घेऊन येणार नाही. तो म्हणाला "अगं आपली पोरं तिकडं जातच नाहीत की," पण वहिनी माझ्या बाजूने उभी राहिली आणि काम झालं. चारी बाजूंनी तारेची जाळी, दाराला कुलूप, चारही उतारांवर गाठी मारलेले दोर वरती खांबाला बांधून पाण्यात सोडलेत म्हणजे घसरलेल्या माणसाला धरून चढता येईल, आणि दारापाशी दोर बांधलेला रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन. कोणी पडलं तर मागोमाग उडी टाकायची नाही, कॅन फेकायचा, हे बागेतल्या गड्यांना पण सांगितलंय.

चुलत्यांचं तळं बांधाला लागूनच आहे, त्याला कुंपण नव्हतं. उरलेली तार दादाने त्यांना दिली, खांब रोवून झालेत, दार अजून बाकी आहे. ते बसेपर्यंत पोरांना बांधाच्या पलीकडे सोडायचं नाही असं वहिनीने घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.