२०एस प्रोटिएसोमचं मॉडेल: अल्फाच्या कड्या झाल्या, आता बीटा

मंडळी, थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम या सूक्ष्म जीवाच्या प्रोटिएसोमच्या, म्हणजे पेशीतली प्रथिनं तोडणाऱ्या नळकांड्यासारख्या यंत्राच्या, मॉडेलचं काम इथवर आलंय: त्याचे घटक दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. अल्फाच्या दोन्ही कड्या जोडून झाल्या, बीटाचे सगळे तुकडे थ्रीडी प्रिंटरवर छापून टेबलावर आहेत. एका अँगस्ट्रॉमला (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) एक मिलिमीटर धरलाय. त्यामुळे नळकांडं १४८ मि.मी. उंच आणि ११३ मि.मी. रुंद होतं. दोन्ही हातांत छान मावतं.

नव्यांसाठी थोडक्यात. थर्मोप्लाझ्मा हा आर्किया गटातला (जिवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळा एकपेशीय) जीव आपोआप तापलेल्या कोळशाच्या कचऱ्यात सापडला. ५९ अंश सेल्सिअसच्या आसपास, चांगल्याच आम्लात वाढतो. प्रोटिएसोमची रचना स्फटिकातून काढलेली, १९९५ सालची, म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडमधल्या माक्स प्लांक संस्थेतली, ३.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याची, प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली फाइल १पीएमए. यीस्टच्या प्रोटिएसोममध्ये चौदा वेगवेगळे घटक असतात, इथे फक्त दोन. चार बांगड्या एकावर एक ठेवाव्यात तशी मांडणी: बाहेर अल्फा, आत दोन बीटा, प्रत्येकीत सात घटक.

या सातानेच मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. आतली पोकळी दिसायची तर मॉडेल उघडायला हवं. पण सात हा विषम आकडा. एका बाजूच्या फटीतून सरळ काप घेतला, की समोरच्या बाजूला तो एका घटकाच्या मधोमध जातो. घटक कापायची माझी अजिबात तयारी नव्हती. म्हणून प्रत्येक कडीतले चार घटक पक्के चिकटवतोय आणि पुढचे तीन छोट्या नियोडिमियम चुंबकांवर बसवतोय. कड्यांच्या फटी एकाखाली एक येत नाहीत, त्यामुळे खिडकीची कड पायऱ्यांसारखी होते. मला ती तशीच आवडते. कड्या एकमेकींत कशा अडकल्या आहेत ते त्यातून कळतं.

खिडकीतून दिसायला हवं ते थ्रिओनिन १, म्हणजे बीटाच्या साखळीतलं पहिलं अमिनो आम्ल. प्रत्येक बीटात एक, म्हणजे चौदा, सगळे मधल्या पोकळीकडे तोंड करून. प्रथिनाची साखळी तुटते ती इथेच. बीटा तयार होतो तेव्हा या थ्रिओनिनच्या आधी आणखी आठ अमिनो आम्लं असतात. कड्या जुळताना ती कापली जातात आणि मगच धार येते. पेशीतली इतर प्रथिनं सुरक्षित राहावीत म्हणून पातं बंद खोलीतच उघडतं, हे मला या यंत्रातलं सगळ्यात सुंदर वाटतं. माणसाच्या प्रोटिएसोममध्ये बोर्टेझोमिब हे कर्करोगावरचं औषध याच थ्रिओनिनला जाऊन चिकटतं.

केमेरा-एक्स या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गुळगुळीत पृष्ठभाग काढला की ही जागा पुसट होते. त्यामुळे थ्रिओनिनचा लाल ठिपका अणूच्या जागेवरून वेगळा छापून बसवतोय. मागच्या पक्क्या घटकांतले आठ ठिपके कायम दिसतील, उरलेले सहा पुढच्या तुकड्यांसोबत बाहेर येतील.

वरचं दार, म्हणजे अल्फा कडीतलं १३ अँगस्ट्रॉमचं भोक, उघडंच ठेवलंय. अल्फाच्या सुरुवातीची बारा अमिनो आम्लं या स्फटिकात दिसलीच नाहीत. ती हलती असतात. यीस्टच्या १९९७ च्या रचनेत अशाच शेपट्या दार बंद करताना दिसतात. इथे न दिसलेला भाग घन प्लॅस्टिकमध्ये छापणं मला पटत नाही. सात मऊ दोरे लावायचा विचार आहे, बीटाच्या कड्या चिकटवून झाल्यावर. बारीक सिलिकॉन दोरा कुणी वापरला असेल तर तो पीएलएला, म्हणजे छपाईच्या प्लॅस्टिकला, कशाने चिकटतो ते सांगा.