तुम्ही विचारलंत म्हणून: बिघाड मशीनचा की लिनक्सचा?

"लिनक्सचं मशीन अडलं की बिघाड हार्डवेअरचा आहे की सॉफ्टवेअरचा, हे तुम्हाला कळतं कसं?"

हा प्रश्न मला लॅबमधली मुलं विचारतात, डीटीपीचं काम करणाऱ्या शेजारच्या ताई विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काकाही विचारतात. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात संगणक लॅबची देखभाल करते. लॅबमध्ये उबंटू आहे, घरी डेबियन; विंडोजच्या जागी मशीन चालवणाऱ्या लिनक्सची ही दोन रूपं, म्हणजे डिस्ट्रो. उत्तर दरवेळी उभ्या उभ्या द्यावं लागतं आणि अर्धवट राहतं, म्हणून आज सावकाश लिहिते आहे.

कळतं ते बहुतेक वेळा वाचून. काय घडलं हे मशीनने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. आपण काहीही बदलायच्या आधी ते वाचायचं, एवढीच माझी पद्धत आहे. आणि म्हणूनच "मॅडम, फॉरमॅटच मारू का?" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. फॉरमॅट मारलं की पहिल्यांदा नाहीशी होते ती ही नोंद. कुणाचा प्रोजेक्ट जातो, कुणाचे फोटो जातात, आणि बिघाड केबलमध्ये किंवा रॅममध्ये असेल तर आठवड्याभरात तो परत हजर होतो. मग लोक म्हणतात, लिनक्सच असलं.

नोंद वाचायला फार शिकावं लागत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जर्नलसीटीएल लिहून पुढे वजा बी, वजा १ दिलं की मागच्या खेपेला मशीन चालू असतानाची नोंद उघडते. त्याला वजा पी आणि ई-आर-आर जोडलं की फक्त चुकांच्या ओळी उरतात. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून डीमेसेज दिलं की या खेपेला कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, काय काय म्हटलंय ते दिसतं. डेस्कटॉपच उघडत नसेल तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ दाबा. बहुतेक वेळा काळ्या पडद्यावर लॉगिन मिळतं आणि तिथेही हे सगळं चालतं. काही डिस्ट्रोंमध्ये ही नोंद फक्त रॅममध्ये राहते आणि रिस्टार्टबरोबर पुसली जाते. व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचा फोल्डर असेल तर ती डिस्कवर टिकते. नवीन मशीन हातात आलं की मी हा फोल्डर आहे का ते आधी बघते.

मशीन पूर्ण गोठलं तर पॉवर बटण दाबून धरायची घाई नको. आल्ट आणि प्रिंट स्क्रीनची की दाबून ठेवून एकेक करत एस, यू, बी दाबा. एसने रॅममध्ये अडकलेलं सगळं डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचनापुरती उरते, बीने मशीन रिस्टार्ट होतं. उबंटूत या तिन्हींना मुळातच परवानगी असते. यामुळे गोठण्याआधीच्या शेवटच्या ओळी वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, आणि नेमक्या त्याच ओळी आपल्याला हव्या असतात. या कीजनाही काहीच प्रतिसाद नसेल तर कर्नलच अडकलाय, आणि माझा संशय ड्रायव्हरकडे (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) किंवा हार्डवेअरकडे वळतो. मशीन एकदम बंदच पडत असेल आणि नोंद मधेच तुटलेली दिसत असेल, तर मी आधी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणि उष्णता बघते. आमच्याकडे मे महिन्यात सेन्सर्स ही आज्ञा चालवली तर प्रोसेसरचे आकडे बघवत नाहीत. पंख्यात साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट, यांना कुठलाही अपडेट पुरा पडत नाही.

एक उदाहरण नीट सांगते. लॅबमधलं एक मशीन काम करता करता अर्धा मिनिट थिजायचं. माउस हलायचा, पण फाइल उघडायची नाही, डिस्कचा दिवा मात्र लागलेला. मग सगळं आपोआप सुरळीत. दुकानातून सल्ला आला होता, हार्ड डिस्क गेली, बदला. डीमेसेजमध्ये पाहिलं तर दर थिजण्याच्या वेळी एकच मालिका होती: एटीए १ वर, म्हणजे डिस्कच्या जोडणीवर, एक्सेप्शन, पुढे महिरपी कंसात आयसीआरसी आणि एबीआरटी ही अक्षरं, त्याखाली हार्ड रिसेटिंग लिंक, आणि थोड्या वेळाने सॅटा लिंकचा वेग ३ गिगाबिटपर्यंत खाली आणल्याची ओळ. म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वाटेत डेटा खराब होत होता. कर्नल ती वाट पुन्हा पुन्हा उघडून बघत होता, आणि शेवटी वेग कमी करून निभावून नेत होता.

मग स्मार्टसीटीएल चालवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा तक्ता ठेवते, तो यात दिसतो. त्यातला ५ क्रमांक म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालासाठी थांबलेले सेक्टर. हे दोन वाढत असतील तर डिस्क खरोखर जात्येय, त्याच दिवशी बॅकअप घ्यायचा. या डिस्कवर दोन्ही शून्य होते. फुगला होता तो १९९, वाटेतल्या सीआरसी चुकांचा (डेटा बिघडून पोचल्याचा) आकडा. हा आकडा बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवतो. कॅबिनेट उघडलं तर सॅटा केबल पंख्याच्या बाजूने वळवून दाबून बसवलेली, एक टोक सैल. केबल बदलली. डिस्क तीच आहे आणि आजही चालते आहे. इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी: केबल बदलली तरी १९९चा आकडा खाली येत नाही. तो आयुष्यभराचा हिशेब असतो. तो वाढायचा थांबला की काम झालं.

रॅमची लक्षणं निराळी. आज ब्राउझर कोसळला, उद्या ऑफिस, परवा अपडेट करताना मोठी फाइल खराब निघाली, असं प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी मोडत असेल तर मी रॅमवर संशय घेते. एकच प्रोग्रॅम त्याच बटणावर दरवेळी पडत असेल तर तो बहुधा सॉफ्टवेअरचा दोष. रॅम काढून तिचे पिवळे संपर्क खोडरबरने हलके पुसायचे ही आपल्याकडची जुनी सवय, आणि दमट हवेत तिचा खरंच उपयोग होतो. फक्त मशीनची वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि रबराचा चुरा झटकून मगच रॅम परत बसवा. नंतर मेमटेस्ट८६ प्लस, रॅम तपासणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालू ठेवा. सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (नव्या मशीनमधल्या मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरवरही) चालतं, त्यामुळे नव्या मशीनवर चालत नाही ही जुनी अडचण उरलेली नाही. त्यात एकसुद्धा चूक दिसली तरी "एकच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका.

हार्डवेअरचा दोष सॉफ्टवेअरच्या वेषात येतो तेव्हा मात्र मला या कामाची खरी गोडी लागते. दर सोमवारी सकाळी लॅबमधल्या एका मशीनवर अपडेट अडायचे. संदेश यायचा की रिपॉझिटरीची, म्हणजे अपडेट येतात त्या साठ्याची, रिलीज फाइल अजून वैध नाही, अमुक तासांनी होईल. सगळ्यांनी मिरर, म्हणजे त्या साठ्याच्या प्रती, बदलून पाहिले, प्रॉक्सीला (इंटरनेटच्या वाटेतल्या मध्यस्थाला) दोष दिला. टाइमडेटसीटीएल चालवलं तेव्हा दिसलं की मदरबोर्डचं घड्याळ कधीच्या काळातली तारीख दाखवतंय आणि सिस्टिमचं घड्याळ जुळलेलं आहे का, यापुढे "नाही" लिहिलंय. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला होता. आपण संध्याकाळी भिंतीवरच्या बोर्डाचं बटणच बंद करतो, त्यामुळे घड्याळ चालवायचा सगळा भार या ३ व्होल्टच्या सेलवर पडतो. वीज चालू ठेवली तर तो कितीतरी कमी झिजतो.

तरी सिस्टिमची तारीख फार मागे का गेली नव्हती? कारण सिस्टिमडी, लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणारं सॉफ्टवेअर, स्वतःला ठाऊक असलेली शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवतं आणि सुरू होताना त्याच्या मागे जात नाही. म्हणून सोमवारी सकाळी मशीनच्या लेखी अजून शनिवारची संध्याकाळच असायची आणि रविवारी तयार झालेली फाइल त्याला उद्याची वाटायची. नेटवरून वेळ जुळवून घेण्याची वाट कॉलेजच्या फायरवॉलने बंद केलेली. नवा सेल बसवला आणि अपडेट सुरू झाले.

घड्याळाचाच आणखी एक प्रश्न मला फार वेळा येतो: विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं की वेळ साडेपाच तासांनी चुकते. तिथे काहीही बिघडलेलं नसतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पाळायला लावायची. टाइमडेटसीटीएलमध्ये तशी सोय आहे, विंडोजच्या रजिस्ट्रीतही आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूला माझे तीन प्रयोग ठरलेले आहेत, आणि तिन्हींत काहीच मोडत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून, मशीन सुरू करून बघायचं. तिथेही वायफाय दिसत नसेल तर तुमच्या इन्स्टॉलेशनचा दोष असण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली. नवा युजर उघडून बघायचा. तिथे सगळं ठीक असेल तर गडबड तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगमध्ये आहे. आणि ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या यादीतून, जुना कर्नल निवडून बघायचा. अपडेटनंतर पडदा काळा झाला आणि ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर मी तिथूनच सुरुवात करते. कर्नल नवा आला, पण त्याच्यासाठीचं मॉड्यूल (कार्डाचा ड्रायव्हर) बनलं नाही, किंवा बनलं पण त्यावर सही नाही म्हणून सिक्युअर बूटने, सही नसलेलं अडवणाऱ्या सोयीने, ते आत येऊ दिलं नाही, असं होतं. तो निळा पडदा येतो ना, सहीची किल्ली नोंदवायची का असं काहीतरी विचारतो, तो लोक घाबरून पुढे ढकलतात. तिथेच ती सही मान्य करायची असते.

वायफायचं म्हणाल तर एलएसपीसीआय वजा के देऊन कार्डापुढे ड्रायव्हरचं नाव आहे का ते बघा. डीमेसेजमध्ये फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड करता आलं नाही, एरर वजा २, असं असेल तर वजा २ चा अर्थ फाइल सापडली नाही एवढाच. कार्ड चांगलं आहे, फाइल आणून द्या. डेबियनने २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच घातलंय, आणि तो निर्णय मला मनापासून आवडला. आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा परत परत येत असेल तर डिस्क भरली आहे का ते सगळ्यात आधी बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी लॅबमध्ये फळ्यावर लिहून ठेवलंय. केबल, ड्रायव्हर आणि बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) एकाच दुपारी बदललं तर मशीन चालू होतं, पण कशाने चालू झालं ते कुणालाच कळत नाही. मुलं तिथे शिकायला आलेली असतात, म्हणून मला हे जास्त लागतं.

एक ठिकाण असं आहे जिथे वाचूनही फार हाती लागत नाही: स्लीपमधून न उठणारं मशीन. नोंदीची शेवटची ओळ सस्पेंड सुरू झाल्याची, पुढे कोरं. कारण तेव्हा लिहायला कुणी जागंच नसतं. तिथे झोपेचा प्रकार बदलून बघणं, गाढ झोपेच्या डीपऐवजी हलक्या झोपेचं एसटूआयडल, आणि बायोसची नवी आवृत्ती टाकणं एवढंच मी सुचवू शकते. काही मशीन त्याने सुधारतात, काहींना मी स्लीपच बंद करून दिलंय.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचाराल तेव्हा एवढं सोबत आणा: डिस्ट्रोची आणि कर्नलची आवृत्ती, बिघडण्याआधी काय बदललं होतं ते, आणि मागच्या बूटची नोंद एका फाइलमध्ये. फोटो नको, मजकूरच हवा, म्हणजे मला त्यात शोधता येईल. आणि तोवर फॉरमॅट मारू नका.