सीएनसी ऑपरेटरची मुलाखत: आधी मायक्रोमीटर, मग गप्पा

छोट्या वर्कशॉपमधली मुलाखत "स्वतःबद्दल सांगा"ने सुरू होते आणि "गाव कुठलं?"वर रंगते. त्यात बोलका माणूस पुढे जातो; हात कसा आहे ते पहिल्या रिजेक्शनलाच कळतं. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नोकरभरतीवरच्या जुन्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासले. मुलाखतीतले गुण आणि पुढचं काम यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीत ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांत ०.१९.

सीएनसी टर्निंगसाठी (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या कामासाठी) पहिली पंधरा मिनिटं ड्रॉइंग आणि मोजमापाला द्या. ड्रॉइंगवर व्यास २० एच७ (स्मॉल एच; माप किती अचूक हवं ते सांगणारी खूण) असलेला शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, निवडा. मर्यादा १९.९७९ ते २०.००० मिमी, म्हणजे सगळी मिळून २१ मायक्रॉनची (०.०२१ मिमी) सूट, म्हणजेच टॉलरन्स. टेबलावर ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (वाचता येणारं सर्वात लहान माप) व्हर्निअर आणि ०.०१ चा मायक्रोमीटर दोन्ही ठेवा आणि गप्प बसा. व्हर्निअरची एक रेघ म्हणजे जवळजवळ अख्खी टॉलरन्स, त्यामुळे तो उचलणाऱ्याला इथे पीस पास की फेल हे ठरवताच येणार नाही. मायक्रोमीटर घेऊन आधी झिरो तपासणाऱ्याला पूर्ण गुण.

मग विचारा, "पीस २०.०३ आला, एक्सचा वेअर ऑफसेट किती द्याल?" वेअर ऑफसेट म्हणजे हत्याराच्या झिजेसाठी मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती; एक्स ही व्यासाची दिशा. मशीन व्यासात ऑफसेट घेत असेल तर वजा ०.०४ द्यायला हवा, म्हणजे माप १९.९९ला, मध्यावर येतं. वजा ०.०३ म्हणणाऱ्याला अर्धे गुण द्या. दिशा बरोबर आहे, पण माप वरच्या मर्यादेवरच राहतं. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) जरा झिजला की पुढचा पीस बाहेर.

दुसरा प्रश्न सवयीचा: "रात्रपाळी, सुपरवायझर नाही, चाळिसावा पीस मोठा निघाला. काय कराल?" उत्तरांचे गुण मुलाखतीआधीच लिहून ठेवा. ऑफसेट बदलून काम चालू ठेवणाऱ्याला १. थांबून पुढचा पीस मोजणाऱ्याला ३. थांबून, शेवटच्या तपासलेल्या पीसनंतरचा सगळा माल वेगळा काढून, इन्सर्ट पाहून नोंद करणाऱ्याला ५. हे आधी ठरलेलं नसेल तर आवडलेल्या माणसाचं ३चं उत्तर नकळत ४ होतं.

लग्न, जात, गाव हे प्रश्न यादीत नकोतच. मशीनवर चाचणी घ्यायची तर दिवसाची मजुरी द्या. चाचणीच्या नावाखाली फुकट उत्पादन काढून घेणं मला सरळ चुकीचं वाटतं.

गुण दोघांनी द्यावेत, वेगवेगळ्या कागदांवर, उमेदवार बाहेर पडल्या पडल्या. दोन गुणांचा फरक पडला तर सरासरी काढू नका. कुणी नेमकं काय ऐकलं ते एकमेकांना वाचून दाखवा.