मागून धरलेले हात

बुधवार, रात्रीचे साडेदहा

खांदा ठणकून राहिला म्हणून लिहायला बसले, झोप तशीही येत नाहीये. दोन दिवस झाले पाऊस गायब, आणि आपल्या नागपूरचा तो जुलैतला चिकट उकाडा, हॉलमधला मॅटवरचाच पंखा नेमका बंद, वर अंगात जाड कापडाचा गी, म्हणजे सरावाचा पोशाख. घामानं मनगट एवढं निसटतं की धरणाऱ्याचीच पंचाईत.

तर आज आयकिडोत, म्हणजे त्या जपानी युद्धकलेच्या क्लासात, उशिरो र्योतेदोरी कोक्युनागे. उशिरो म्हणजे मागून, र्योतेदोरी म्हणजे दोन्ही हात धरणं, कोक्युनागे हा फेकण्याचा एक प्रकार. समोरचा आधी एक मनगट पकडतो, मग फिरून पाठीमागं जातो नि दुसरं पकडतो, आणि तिथून त्याला आपण पुढं फेकायचं. क्लास लावून सहा महिने झाले, पुढून कोणी धरलं तर बऱ्यापैकी जमतं, मागून धरलं की डोकंच बंद पडतं माझं. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत मागून धक्का लागला तरी कोपरं आवळून घेणारी बाई मी, इथंही तेच.

जोडीला तो इंजिनिअरिंगचा पोरगा, ऐंशी किलो तरी असेल. पहिल्या चार-पाच वेळा मी हात पुढं ओढले, कमरेत वाकले आणि तो अख्खा माझ्या पाठीवर. "काकू, तुम्ही ओढून राहिल्या नं," म्हणे, आणि वरून हसतो. हस बाबा.

सर म्हणाले, फेकायचं विसरा, फक्त हात डोक्यावर न्या, ही हालचाल तलवारीची आहे, उचलायची आणि खाली कापायची. आता तलवार मी कधी धरली? पण आजी विहिरीवर पाण्याचा गुंड डोक्यावर घ्यायची ते आठवलं, कोपरं आत, नजर समोर, पाठ ताठ, बसायचं ते गुडघ्यात. तसं केलं. हात कपाळाच्या वर गेले आणि मागं त्याच्या टाचा उचलल्या गेल्या, दिसलं काहीच नाही पण मनगटात कळलं, पकड तेवढीच घट्ट आणि वजन मात्र गेलेलं. एक पाय मागं सरकवला, हात खाली आणले, आणि पोरगा माझ्या बाजूनं गोल होऊन पुढं. मीच दचकले.

म्हणजे त्यानं दुसरा हात पकडेपर्यंत थांबायचंच नव्हतं, पहिलं मनगट धरल्याबरोबर तोच हात पुढं नेत राहायचं, तो त्याच्यामागं फिरत येतो. मी मात्र पूर्ण बांधली जायची वाट पाहायची आणि मग धडपड. हे सगळं बसवणारे मोरिहेई उएशिबा (1883-1969) स्वतः पाच फुटांच्या जरासेच वर होते म्हणतात, त्यामुळे उंचीची सबब पण गेली.

नंतर वीसेक वेळा केलं, जमलं तीनदा. मग माझी पडायची पाळी. खांद्यावरून तिरपं लोळून विरुद्ध बाजूच्या कमरेवर यायचं असतं, मी घाईत खांदाच सरळ आपटला.

घरी हे म्हणाले दाखव तर खरं, आणि मागून येऊन मनगटांऐवजी कंबरच धरली. म्हटलं हे आमच्यात शिकवलं नाही अजून, तुम्ही आधी बाम आणा.